गोगलगायीचा कबुलीजबाब

"बाई, आहात तशा निघा. गोगलगायीने कबूल केलं."

फोन साहेबांचा होता. चाळणीबाईंनी चहाचा कप तसाच ओट्यावर ठेवला.

चाळणीबाई हे काही त्यांचं नाव नव्हे, ऑफिसने पाठीमागे बहाल केलेलं बिरुद. शहरातली माणसं रोज कुठे आणि कशाने जातात, याचा घरोघर फिरून सर्व्हे करणारं ते ऑफिस. सर्व्हेवाले माहिती आणायचे आणि त्यातली खरी किती, मनची किती, हे बाई चाळून बघायच्या. मागे एका पठ्ठ्याने बागेतल्या बाकावर बसून अख्खी गल्ली भरली होती. त्याच्या माहितीत सगळी गल्ली रोज ठोक्याला घरी परतत होती. "तुमच्या गल्लीत कुणाला उशीर होतच नाही का हो?" एवढंच बाईंनी विचारलं आणि तो रडायलाच लागला.

"काय कबूल केलं त्याने?" बाईंनी विचारलं.

"वरची वसाहत. सगळी घरं म्हणे स्वतःच्या घरी बसून भरली."

"गोगलगायीने?"

"गोगलगाय नि पोटात पाय, बाई. मला स्वतःला धक्का बसलाय."

बाईंनाही बसला होता. गोगलगाय हा ऑफिसातला सगळ्यात हळू सर्व्हेवाला. इतरांची तीन घरं व्हायची तेव्हा याचं एक व्हायचं, कारण समोरचा माणूस बोलत असला की याला उठवत नसे. असा माणूस खोटं लिहायला बसलाच, तर तेही त्याला वेळेत जमलं नसतं.

साहेबांच्या टेबलावर त्यांची लाडकी पुस्तिका होती. सर्व्हे कसा करायचा, प्रश्न कुठल्या शब्दांत विचारायचा, घरातलं माणूस कुणाला म्हणायचं, सगळं त्यात ठरवून दिलेलं. पूर्वी जो तो आपल्या अकलेने मोजायचा. परगावी राहणारा मुलगा आईच्या घरीही मोजला जायचा आणि स्वतःच्या घरीही. साहेबांनी वर्षानुवर्षं खपून सगळ्या शहरांना एकच माप लावलं, आणि त्याचा त्यांना अभिमान होता. चुकीचा अभिमान होता असं कुणी म्हणू नये.

"हे बघा," साहेब म्हणाले, "वसाहतीत घराघरांत म्हातारीकोतारी आणि पोरं. कामाला जाणारं माणूस औषधालाही नाही. बहुतेक घरांतून काल कुणी बाहेरच पडलेलं नाही."

बाईंनी मान हलवली. कामचुकारांची ही जुनी युक्ती. कुणी बाहेर गेलं असं लिहिलं, की कुठे, कशाने, कुणाबरोबर, अशी प्रश्नांची माळ सुरू होते. कुणीच गेलं नाही म्हटलं, की सुटका.

"मग कबुली खरी दिसते."

"दिसून चालत नाही. फेरभेट झाली पाहिजे. माहिती खोटी निघाली, तर वसाहतीचं सगळं रद्द. वरच्या बसचा निर्णय मग पुढच्या वर्षीच्या सर्व्हेपर्यंत थांबेल."

"आणि खरी निघाली तर?"

"तर बस बंद. माणसंच जात नाहीत, तर गाडी कुणासाठी चालवायची?"

"गोगलगायीचं काय?"

"खोटी निघाली, तर तो पुन्हा कुठल्याही सर्व्हेच्या दारात उभा राहणार नाही. जन्मात नाही."

गोगलगाय बाहेरच्या खोलीत खुर्चीच्या कडेवर बसला होता. अर्धे केस पांढरे, बुटांचे तळवे झिजलेले. बाई समोर बसल्या.

"घरं कुठे बसून भरलीत?"

"घरी."

"घरी म्हणजे कुठे? टेबलावर? कॉटवर?"

"टेबलावर." थोडं थांबून तो म्हणाला, "कॉटवर पण."

"वसाहतीत एकदाही गेला नाहीत?"

"नाही."

"शेवटच्या ओळीतलं घर. तिथे एक आजी आणि चार वर्षांची नात लिहिलीय. नात कुठून आणलीत?"

"सुचली."

"चारच वर्षांची का? पाचची का नाही?"

गोगलगाय खुर्चीवर सरकून बसला. मग म्हणाला, "चारची बरी वाटली."

"तुम्हाला काम पुन्हा मिळणार नाही, माहीत आहे?"

"हो." त्याने घसा खाकरला. "पण बाई, वसाहतीचं सगळं रद्द होईल ना?"

"ते फेरभेटीनंतर."

"म्हणजे होईल. होईल ना?"

बाईंनी त्याच्याकडे नीट पाहिलं. आजवर कितीतरी लबाड त्यांनी पकडले होते. खाई त्याला खवखवे. कुणी हात जोडायचा, कुणी घरच्या अडचणी सांगायचा, कुणी दुसऱ्याकडे बोट दाखवायचा. आपलं काय होणार, हे प्रत्येकजण विचारायचा. या माणसाने ते विचारलंच नाही.

भर दुपारी बाई वरच्या वसाहतीची बस चढल्या. गाडीत त्या आणि एक छत्री. छत्री कुणीतरी विसरलेली.

"रिकामीच की हो," त्या ड्रायव्हरला म्हणाल्या.

"आत्ता रिकामीच. संध्याकाळी या, पाय ठेवायला जागा मिळाली तर सांगा."

"संध्याकाळी वर जाताना?"

"खाली येताना!" ड्रायव्हर हसला. "सकाळी वर जाताना तशीच. सगळं जग सकाळी खाली उतरतं, आमची गाडी उलट्या डोक्याची."

"मग हे तुमच्या साहेबांना सांगितलंत का?"

"सांगून जीभ झिजली. म्हणतात, ड्रायव्हरचं बोलणं म्हणजे पुरावा नव्हे, सर्व्हे येऊ दे. आता आलाय म्हणे. त्यात आमच्या गाडीला माणूसच नाही."

चढ मोठा होता. गाडी धापा टाकत वर आली आणि बाईंना उतरवून तशीच उभी राहिली.

वसाहत शांत होती. नको इतकी शांत. उन्हाच्या वेळी खिडक्यांना जाड पडदे. काही पडद्यांना आतून वर्तमानपत्रं डकवलेली. दारांबाहेर मात्र चपला-बूट भरपूर. जिथे म्हातारी माणसंच राहतात, तिथे एवढे बूट कुणाचे?

पहिल्या दारात एक कुत्रा आणि एक आजोबा होते. दोघांनीही बाईंकडे नापसंतीने पाहिलं.

"हळू बोला," आजोबा कुजबुजले. "झोपलेत."

"कोण?"

"सगळी. तुम्ही कोण?"

बाईंनी सांगितलं. सर्व्हेवाला कुणी आला होता का?

"आला होता की. हा कुत्रा कुणाला जवळ येऊ देत नाही, पण त्याच्या पायावर डोकं ठेवून झोपला. भला माणूस, पण गालाला फडकं बांधलेलं. दाढ दुखत होती बिचाऱ्याची. राहिली का हो?"

"राहिली असेल. काय काय विचारलं त्याने?"

"अहो, पहिलाच प्रश्न असा विचारला की मी हसलोच." आजोबांनी तोंडावर हात धरला. "काल रात्री इथे कोण कोण झोपलं होतं! मी म्हटलं, मी आणि हा कुत्रा. कुत्रा नका लिहू म्हणाला."

बाईंनी टॅबवर नोंद केली. सर्व्हेवाला आला होता? होय. टॅबने बारीक टिंग केलं आणि नोंद तिथल्या तिथे ऑफिसात पोचली. पाठवलेलं परत घेता येत नसे. तपासणारेही लबाडी करू शकतात, म्हणून ही सोय बाईंनीच भांडून करून घेतली होती.

दुसरं घर. होय. तिसऱ्या घरी तर त्याने तिथल्या आजींना न सापडणारी टाकीची झाकणी शोधून दिली होती. होय. टिंग. प्रत्येक टिंगबरोबर बाईंना बरं वाटत होतं. माणूस सच्चा होता! घराघरांत बसून, दाढ दुखत असताना, त्याने एकेक प्रश्न विचारला होता. चोर सोडून संन्याशाला सुळी देण्याचं पाप आपल्या हातून टळलं, या आनंदात बाई शेवटच्या ओळीत शिरल्या.

दारात एक लहान मुलगी बाहुलीला दटावत बसली होती.

"गप्प झोप. आई उठेल."

"तू किती वर्षांची गं?" बाईंनी विचारलं.

मुलीने चार बोटं दाखवली.

आत तिची आजी पाय पसरून बसली होती. गुडघे सुजलेले. सर्व्हेवाला आला होता ना? "आला होता बाई, माझ्या गुडघ्यांची सगळी कथा ऐकून गेला. पोटच्या पोरानेसुद्धा कधी एवढी ऐकली नाही." होय. टिंग. ते शेवटचं घर होतं. टॅबवर हिरवी खूण उमटली: वसाहतीची पडताळणी पूर्ण.

तेवढ्यात आतल्या खोलीचा पडदा सरकला. केस बांधत, डोळे चोळत एक तरुण बाई बाहेर आली.

"ही माझी सून," आजी म्हणाली.

चाळणीबाईंचा चेहरा उतरला. गोगलगायीने या घरात दोनच माणसं लिहिली होती.

"तुम्ही इथेच राहता?"

"मग कुठे राहणार?" सून हसली. "इस्पितळाच्या धुलाईत असते मी. रात्रभर चादरी. संध्याकाळच्या गाडीने खाली, सकाळच्या गाडीने वर."

"रोज?"

"सुट्टी सोडून रोज. इथले सगळेच तसे. कुणी बेकरीत, कुणी गोदामात, कुणी ऑफिसं पुसायला." तिने मुलीच्या फ्रॉकचं बटण लावलं. "बसचं काय करताय हो तुम्ही लोक? बंद झाली तर मला खालीच कुठेतरी राहावं लागेल. सासूबाईंना हा चढ उतरवत नाही. मग खाली रात्री हिच्याजवळ कोण? सासूबाईंना सोडू की हिला सोडू, की काम सोडू? काम सोडलं तर खायचं काय?"

मुलगी आईच्या मांडीवर चढून बसली होती आणि आईचं उठणं झालं म्हणून बाहुलीलाही उठवत होती.

बाई संध्याकाळच्याच बसने खाली आल्या. ड्रायव्हर खोटं बोलला नव्हता. डबे, पिशव्या, ताज्या धुतलेल्या तोंडांची माणसं. कुणीतरी बाईंना बसायला जागा दिली. बसल्या बसल्या त्यांनी टॅब पुन्हा उघडला. हिरवी खूण जागच्या जागी होती. काही करून ती पुसता येईना.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबांच्या खोलीत तिघं होते. साहेब, बाई आणि गोगलगाय.

"हा गुन्हा झालेलाच नाही," बाई म्हणाल्या.

"ते दिसतंय. सगळ्या घरांनी होय म्हटलंय." साहेबांनी गोगलगायीकडे वळून विचारलं, "मग खोटी कबुली कशाला दिलीस? हात दाखवून अवलक्षण?"

"मी सांगते," बाई म्हणाल्या. "मला पहिल्यांदा खटकला तो याचा प्रश्न. आपलं काय होणार, हे याने विचारलं नाही. माहिती रद्द होईल ना, हेच दोनदा विचारलं. म्हणजे याला लपवायचं काही नव्हतं, मोडायचं होतं. मग ती चार वर्षांची नात. मनाने लिहिलेली पोर दारात बाहुली घेऊन बसलेली सापडत नाही. कुत्रा, दाढ, आजीचे गुडघे. हा तिथे गेला होता, आणि प्रत्येक शब्द पुस्तिकेप्रमाणे विचारून आला होता."

"मग माणसं गेली कुठे?" साहेबांनी विचारलं. "बाहेर पडणारं कुणीच नाही हे कसं?"

"दुपारी जाड पडदे. दारात तरुणांचे बूट. संध्याकाळी खाली येणारी भरलेली बस. साहेब, ती वसाहत रात्रपाळीची आहे. आणि आपला पहिला प्रश्न काय?"

साहेबांना पुस्तिका उघडावी लागली नाही. वाक्य त्यांचंच होतं.

"काल रात्री इथे कोण कोण झोपलं होतं," ते हळूच म्हणाले.

"जो झोपला तो घरचा. जो झोपला नाही, तो यादीत नाही. यादीत नाही, त्याच्या प्रवासाचा प्रश्नच नाही. त्या रात्री सून चादरी धूत होती. म्हणून ती त्या घरची नाही. ती कुठल्याच घरची नाही. वसाहतीतलं कामाला जाणारं प्रत्येक माणूस आपण असं गाळलं. याने नाही गाळलं, साहेब. प्रश्नाने गाळलं. मला चाळणीबाई म्हणता ना? खरी चाळणी तो प्रश्न आहे."

बाईंनी आपलं टोपणनाव उच्चारलेलं त्या ऑफिसने प्रथमच ऐकलं. कुणी हसलं नाही.

"मी विचारलं होतं तुम्हाला," गोगलगाय पहिल्यांदा बोलला. "शिकवणीच्या वेळी. रात्रपाळीवाल्यांचं काय करायचं म्हणून."

साहेबांना आठवलं असावं. "मी काय म्हणालो?"

"पुस्तिकेत आहे तेच विचारा, म्हणालात. सगळे हसले. मी तेच विचारलं." त्याने गालावरून हात फिरवला. "शेवटच्या दिवशी संध्याकाळच्या गाडीने उतरलो. गाडी गच्च भरलेली. एकाने माझी पिशवी मांडीवर घेतली. दाढ दुखतेय बघून एकीने खिडकीची जागा दिली. आणि माझ्या सर्व्हेप्रमाणे त्या गाडीत मी एकटाच होतो. मग मला दुसरं काय सुचणार? खरं असेल तर बस जाते. खोटं असेल तरच राहते. म्हणून म्हटलं, आपण खोटं होऊ."

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी बाईंची गत झाली होती. त्यांनी एका माणसाची इज्जत वाचवली होती आणि त्यासाठी त्याने जे पणाला लावलं होतं तेच बुडवलं होतं.

"रद्द करा ना, साहेब," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज कधी असा ऐकू आला नव्हता.

"कुठल्या कलमाखाली करू? खोटी माहिती रद्द होते. ही खोटी नाही."

"चूक आहे."

"नियमाप्रमाणे बरोबर आहे. आणि नियम एका वसाहतीपुरता वाकवला, तर प्रत्येक शहर आपापला वाकवून मागेल. पुन्हा सगळा गोंधळ." साहेब टेबलाला बोलत होते. "पुढच्या वर्षी प्रश्न बदलू. मी स्वतः लिहीन."

"पुढच्या वर्षी बस नसेल. बस नसेल तर ही माणसं तिथे नसतील. मग वसाहतीत खरोखरच म्हातारीकोतारी उरतील आणि तुमचा सर्व्हे अगदी खरा ठरेल."

साहेबांनी फोन उचलला. आपल्या वरिष्ठांना सगळं सांगितलं, न अडखळता, स्वतःची चूक न झाकता. बराच वेळ ऐकलं. "हो... हो साहेब... समजलं," असं म्हणून फोन ठेवला. त्यांनाही कुणीतरी साहेब होता.

"काय म्हणाले?"

"म्हणाले, इतकी स्वच्छ पडताळणी कुठल्याच भागाची नाही. एकही घर चुकलेलं नाही. शिकवणीत नमुना म्हणून दाखवायचा." त्यांनी गोगलगायीकडे बघायचं टाळलं. "तुझं कौतुक करायला सांगितलंय. काम चालू राहील तुझं."

गोगलगायीने मान डोलावली आणि बाहेर गेला. तोंड दाबून बुक्क्यांचा मार खाल्लेला माणूस जसा चालतो तसा.

संध्याकाळी बाई खालच्या थांब्याजवळ उभ्या होत्या. त्यांची बस दुसरीकडून सुटायची, तरी त्या तिथे होत्या. गोगलगायही होता.

वरची गाडी आली. माणसं उतरू लागली. बेकरीवाले, गोदामवाले, झाडू-फडकी घेतलेल्या बाया. बाई नकळत मोजू लागल्या आणि मग त्यांनी मोजणं सोडून दिलं. आता मोजून कुणाला सांगायचं?

धुलाईवाली सून उतरली. बाईंना बघून तिचा चेहरा उजळला. गोगलगायीलाही तिने ओळखलं.

"अगंबाई, तुम्ही! राहिली का दाढ?"

"राहिली," तो म्हणाला.

"आणि तुम्ही काल तपासायला आला होतात ना?" तिने बाईंना विचारलं. "काय निघालं?"

बाईंनी गोगलगायीकडे पाहिलं. तो बुटांकडे बघत होता.

"सगळं बरोबर निघालं," बाई म्हणाल्या.

"मग बरं झालं बाई!" सूनबाईने पिशवी खांद्यावर चढवली. "मी घरी तेच म्हणत होते. भली माणसं आहेत, नीट विचारून गेलीत. आता बसची काळजी नाही."

कामाला उशीर होत होता, म्हणून ती हात हलवून झपाझप निघून गेली.